घरच्या घरी ग्युवेच: मातीच्या भांड्यातलं तुर्की मटण

इस्तंबूल-कपाडोकियाची सहल करून आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "तिकडे मातीच्या भांड्यात शिजवलेलं मटण खाल्लं होतं. घरी करून पाहिलं, मसालेही शोधून आणले, पण चव शेवटी आपल्या मटणाच्या रश्श्याचीच आली. कुठे चुकलं?"

तुम्हीही यातून गेला असाल, तर आधी मसाल्याच्या डब्याकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघा. मटण म्हटलं की आपला हात आपसूक आलं-लसणाच्या वाटणाकडे जातो. हळद पडते, कांदा लालबुंद परतला जातो आणि शेवटी तांब्याभर गरम पाणी ओतलं जातं. या पदार्थात यातलं काहीच नसतं. त्याची चव मटणाच्या चरबीतून, भाज्यांच्या अंगच्या पाण्यातून आणि मंद आचेवर गेलेल्या दोन-अडीच तासांतून येते. रायगडातली पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे पटकन समजेल. मडक्यात पाण्याचा थेंब न घालता शेंगा, बटाटे, कोंबडी आपापल्या वाफेवर शिजतात, तसाच हा प्रकार. एवढं मनात पक्कं केलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नेमकं काय करायचंय?

तुर्की जेवणात एकमेकांसारखे दिसणारे बरेच पदार्थ आहेत आणि सहलीच्या आठवणीत त्यांची सरमिसळ होते. खालच्यापैकी तुम्ही कोणता खाल्ला होता ते आठवून बघा.

- ग्युवेच: हे मुळात मातीच्या उथळ, रुंद भांड्याचं नाव. त्यात शिजवलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं. मटण, वांगी, बटाटे, मिरच्या, टोमॅटो असा थाट. घरी करायला सगळ्यात सोपा हाच.
- तेस्ती केबाब: निमुळत्या गळ्याच्या मातीच्या सुरईत शिजवतात आणि वाढताना सुरई फोडतात. कपाडोकियात पर्यटकांपुढे हाच येतो. तिथल्या अवानोस गावात कझलइर्माक नदीच्या तांबड्या मातीची भांडी घडवण्याची जुनी परंपरा आहे. घरी सुरई फोडण्याच्या भानगडीत पडू नका. ग्युवेचच्या कृतीतून जवळपास तीच चव मिळते.
- मुसाक्का: तुर्की मुसाक्का म्हणजे तळलेली वांगी आणि खिमा. त्यावर पांढऱ्या सॉसचा जाड थर असेल तर तो ग्रीक धाटणीचा.
- तुर्लू: मोसमातल्या मिळतील त्या भाज्यांचा मिश्र प्रकार, मटण घालून किंवा न घालता.

या लेखात आपण ग्युवेच करणार आहोत.

भांडं कोणतं घ्यावं?

चार-पाच माणसांसाठी अडीच ते तीन लिटरचं, उंचीपेक्षा रुंदीला जास्त असलेलं भांडं घ्या. उंच मडक्यात खालचं शिजून गळतं आणि वरचं कच्चं राहतं.

- मातीचं, आतून झिलई नसलेलं: उत्तम पर्याय. कुंभाराकडे पसरट हंडी मागा आणि "आत रंग किंवा झिलई आहे का?" असं स्पष्ट विचारा. काही झिलयांमध्ये शिसं असतं. टोमॅटोच्या आंबटपणाने ते अन्नात उतरू शकतं. शोभेची रंगीत भांडी स्वयंपाकाला वापरू नका.
- बिडाचं जाड, झाकणाचं भांडं: दुसरा चांगला पर्याय. आतून एनॅमल असेल तर अधिक बरं, कारण साध्या बिडात टोमॅटो फार वेळ राहिला की धातूची चव येते.
- जाड बुडाचं स्टीलचं पातेलं: चालेल, मात्र झाकण घट्ट हवं.

नवं मातीचं भांडं थेट आचेवर ठेवू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पूर्ण सुकू द्या. आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा, पाणी भरून अगदी मंद आचेवर तासभर तापवा आणि जागच्या जागी गार होऊ द्या.

मातीला तापमानातला झटका सोसत नाही. माझं पहिलं भांडं मी ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवलं आणि ते तळातून तडकलं. दोन तासांचं मटण ओट्यावर वाहून गेलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून तीन नियम लक्षात ठेवा:

१. मातीचं भांडं थंड ओव्हनमध्ये ठेवून मगच ओव्हन सुरू करा.
२. तापलेल्या भांड्यात गार पाणी किंवा फ्रिजमधली भाजी घालू नका.
३. खाली उतरवताना लाकडी पाट किंवा कोरडं जाड फडकं ठेवा.

मटण कसं मागाल?

तुर्कस्तानात हा पदार्थ बहुधा मेंढीच्या कोवळ्या मटणाचा किंवा वासराच्या मांसाचा करतात. आपल्याकडे खाटकाकडे मिळतं ते साधारणपणे बोकडाचं. त्यात चरबी कमी असते आणि ते शिजायला जास्त वेळ घेतं. म्हणून दोन बदल करा: वरून थोडं लोणी घाला आणि वेळ वाढवून धरा.

- मागा: पुढचा खांदा आणि मान, हाडासकट. या भागांत शिरा-पडदे जास्त असतात. मंद आचेवर ते विरघळतात आणि रसाला दाटपणा येतो.
- टाळा: नुसत्या मांडीचे बिनहाडाचे तुकडे. लांब शिजवण्यात ते कोरडे आणि दोरेदार होतात.
- तुकडे: दीड इंचाचे. रश्श्यासाठी करतात तसे बारीक नकोत.
- मेंढीचं मटण मिळत असेल तर जरूर घ्या. मग लोणी घालायची गरज नाही आणि अर्धा तास वाचतो.

मसाले: काय हवं, नसेल तर काय घालावं?

मसाले मोजकेच आहेत. प्रत्येकाला इथल्या बाजारातला पर्याय आहे.

- पुल बिबेर (लाल मिरचीची भरड): बिया बऱ्याचशा काढलेली, किंचित तेल-मीठ चोळलेली, तिखटापेक्षा चवीला आणि रंगाला पुढे असलेली मिरची. पर्याय: चार-पाच ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढा, कोमट तव्यावर फक्त कुरकुरीत होईपर्यंत शेका, भरड कुटा. त्यात अर्धा लहान चमचा तेल आणि चिमूटभर मीठ चोळा. घरचं साधं तिखट किंवा पिझ्झाबरोबर मिळणारी चिली फ्लेक्सची पुडी नको. दोन्ही फार झोंबतात.
- बिबेर साल्चासी (लाल मिरचीचा घट्ट गर): या पदार्थाचा खरा कणा. पर्याय: तीन लाल ढोबळ्या मिरच्या गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजा, साल काढा, भिजवलेल्या सहा ब्याडगी मिरच्यांबरोबर वाटा. दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं गोळा होईपर्यंत आटवा. वर तेलाचा थर देऊन ठेवलात तर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.
- टोमॅटोचा घट्ट गर: टोमॅटो पेस्ट मिळते. नसेल तर टोमॅटो प्युरी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा. केचप घालू नका. त्यातली साखर आणि व्हिनेगर सगळा पदार्थ बिघडवतात.
- केकिक: थाइम-ओरेगॅनोच्या कुळातली वाळवलेली पानं. पर्याय: वाळवलेला ओरेगॅनो. तोही नसेल तर अर्धा किलोला दोन चिमटी चुरलेला ओवा. ओव्यात आणि थाइममध्ये थायमॉल हा एकच सुगंधी घटक असतो, म्हणून हा पर्याय जुळतो. मात्र ओवा जास्त झाला की पदार्थ भज्यासारखा लागतो.
- येनिबहार (ऑलस्पाइस): इथे दुकानात गफलत होते. "कबाबचिनी" मागितलीत तर कधी ऑलस्पाइस मिळतं, कधी कंकोळ. दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ असेल तर ते कंकोळ, ते नको. पर्याय: एक लवंग, अर्धा इंच दालचिनी आणि चिमूटभर जायफळ एकत्र कुटून.
- मिरी आणि जिरे: नेहमीचेच. जिरे कच्चेच कुटा, भाजू नका.

यादीत नसलेलं काहीही घालू नका. आलं, हळद, धनेपूड, गरम मसाला, खोबरं, कढीपत्ता, कोथिंबीर हे सगळं आपल्या रश्श्याचं वैभव आहे. इथे त्यातला एक जिन्नस जरी पडला तरी पदार्थ परत आपल्या ओळखीच्या वाटेला लागतो.

साहित्य (चार ते पाच माणसांसाठी)

- मटण ७५० ग्रॅम
- लहान कांदे १२ ते १५, सोलून अख्खे (किंवा मोठे २, जाड फोडी)
- लसूण ८ पाकळ्या, अख्ख्या
- वांगी ३५० ग्रॅम, लांबट जांभळी
- बटाटे २५० ग्रॅम
- हिरव्या ढोबळ्या मिरच्या २ आणि भज्यांच्या जाड, कमी तिखट मिरच्या ३
- टोमॅटो ४०० ग्रॅम
- मिरचीचा गर १ मोठा चमचा, टोमॅटोचा गर १ मोठा चमचा
- मिरीची भरड १ लहान चमचा, जिरेपूड अर्धा, ऑलस्पाइस पाव
- केकिक किंवा ओरेगॅनो १ लहान चमचा
- पुल बिबेर १ ते दीड लहान चमचा
- लोणी १ मोठा चमचा, तेल ४ मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा
- गरम पाणी अर्धी वाटी, त्याहून जास्त नाही

कृती

१. मटण कोरडं करा. धुऊन चाळणीत निथळा, स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. त्याला निम्मं मीठ, मिरी, जिरे, ऑलस्पाइस आणि दोन्ही गर चोळून अर्धा तास ठेवा. दही लावायचं नाही.

२. वांगी तयार करा. सालीचे एकाआड एक उभे पट्टे काढा, जाड फोडी करा, मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, पिळून टिपा. नाहीतर वांगं तेल पिऊन बसतं.

३. थर लावा. भांड्याला तेलाचा हात लावा. खाली कांदे आणि लसूण, वर मटण, त्यावर लोण्याचे तुकडे. कडेने अर्धी वाटी गरम पाणी सोडा. झाकणाखाली बेकिंग पेपर दाबून बसवा, म्हणजे वाफ आत राहते.

४. पहिला टप्पा, दीड तास. भांडं थंड ओव्हनमध्ये ठेवा, १६० अंश सेल्सिअसवर लावा. मध्ये उघडू नका, ढवळू नका.

५. या वेळात भाज्या परतून घ्या. उरलेल्या तेलात बटाट्याच्या फोडी सोनेरी आणि जवळपास शिजेपर्यंत परता, मग वांगी, मग मिरच्या. बटाटे आधी शिजवणं महत्त्वाचं, कारण टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा बटाटा तासभर शिजवला तरी टणक राहतो.

६. दुसरा टप्पा, ४५ मिनिटं. मटणावर गरम भाज्या पसरा, उरलेलं मीठ, केकिक आणि पुल बिबेर भुरभुरा. सगळ्यात वर टोमॅटोच्या जाड चकत्या, कौलं शाकारावीत तशा एकावर एक. झाकण लावून पुन्हा १६० अंशांवर ठेवा.

७. शेवटचा टप्पा, १५ मिनिटं. झाकण काढा, २०० अंश करा. टोमॅटोच्या कडा किंचित करपल्या आणि कडेला लालसर तेल उकळताना दिसलं की झालं.

८. थांबा. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. या वेळात रस दाटतो. भांडं तसंच टेबलावर न्या.

शिजलं की नाही, कसं ओळखाल? हाडावरचा एक तुकडा काट्याने हलकेच ओढा. तो जोर न लावता सुटायला हवा. चिवट असेल तर आच वाढवू नका. झाकण लावून आणखी वीस-वीस मिनिटं द्या. जून बोकडाला तीन तासही लागतात.

ओव्हन नसेल तर?

- गॅसवर: मातीच्या भांड्याखाली जाड लोखंडी तवा ठेवा आणि गॅस सगळ्यात बारीक करा. दर अर्ध्या तासाने भांडं पाव वळण फिरवा. वरचा करपलेला थर मिळणार नाही. त्यासाठी टोमॅटोच्या चकत्या आधीच तव्यावर एका बाजूने भाजून घ्या.
- कुकरची मदत: वेळ नसेल तर मसाला चोळलेलं मटण आणि अर्धी वाटी पाणी घालून दोनच शिट्ट्या करा. मग मटण आणि त्याचा रस भांड्यात काढा आणि थेट दुसऱ्या टप्प्यापासून पुढे जा. कुकरमध्ये पूर्ण शिजवू नका. मग भाज्यांचा रस मटणात मुरायला वाव उरत नाही.
- छोटा ओटीजी: भांडं घेण्याआधी आतली उंची टेपने मोजा. झाकणासकट भांडं आणि वरच्या कॉइलमध्ये किमान चार बोटांचं अंतर हवं.
- इंडक्शन: मातीचं भांडं त्यावर तापतच नाही. बिडाचं भांडं वापरा.

हमखास होणाऱ्या चुका

- पाणी वाढवणं. पहिल्या तासात भांडं कोरडं वाटतं आणि हात पाण्याकडे जातो. धीर धरा. भाज्या आणि टोमॅटो पडल्यावर भरपूर रस सुटतो.
- आच वाढवणं. खदखदून उकळलं की मटण आक्रसतं आणि कोरडं पडतं. फक्त मधूनमधून बुडबुडा यायला हवा.
- ढवळणं. थर मोडले की वांग्याचं भरीत होतं. भांडं दोन्ही बाजूंनी धरून हलवा, एवढंच.
- भांडं गच्च भरणं. वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर रस उतू जाऊन ओव्हनमध्ये जळतो.
- मीठ दोनदा मोजणं. विकतच्या मिरचीच्या आणि टोमॅटोच्या गरात मीठ असतं. असा गर वापरत असाल तर शेवटचं मीठ चाखूनच घाला.

"टोमॅटो चालत नाही, काय करू?" पित्ताचा त्रास असणारे हे विचारतात. निश्चिंतपणे वगळा. टोमॅटो अमेरिका खंडातून आलेला. उस्मानी स्वयंपाकघरांत तो रुळला १९व्या शतकात. त्याआधीही मटण-भाज्या मातीच्या भांड्यात शिजतच होत्या. टोमॅटोऐवजी कांदे दुप्पट करा आणि पाणी पाऊण वाटी घ्या.

खरेदी करताना तुमचे हक्क

या पदार्थासाठी तुम्ही महाग, परदेशी आणि अनोळखी वस्तू विकत घेता. म्हणून हे माहीत असू द्या:

- मटणाचं वजन: काटा शून्यावर आहे ना, हे बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. काट्यावर वैधमापन विभागाची पडताळणीची खूण असायला हवी. हवा तो भाग मागा आणि तुकडे तुमच्यासमोर करून घ्या.
- आयात केलेल्या बाटल्या आणि पाकिटं: त्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, घटकांची यादी, मुदतीची तारीख आणि कमाल किरकोळ किंमत असते. मूळ मजकुरावर वेगळी चिकटवलेली तारीख दिसली तर ती वस्तू घेऊ नका.
- किंमत: छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. "इम्पोर्टेड आहे" म्हणून त्यावर एक रुपयाही जास्त मागता येत नाही.
- बिल: नेहमी मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल हातात असलं की तुमची बाजू भक्कम राहते.

सोबत काय वाढाल?

- शेवयांचा पिलाव: तुर्की घरांत भात करताना आधी शेवया लोण्यात तांबूस परततात, मग त्यात तांदूळ घालतात. आपल्या घरातल्या बारीक शेवया मोडून घेतल्या तरी चालतात.
- जाजिक: पातळ दही, किसलेली काकडी, ठेचलेला लसूण, वाळवलेला पुदिना. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचं भावंडच, फक्त फोडणी आणि दाण्याचं कूट नाही.
- आयरान: दही, पाणी आणि मीठ घुसळून केलेलं गार ताक.
- पाव: तिथे रस पावाने टिपून खाणं अगदी रीतीचं आहे. आपल्या बेकरीतला ताजा कडक पाव त्याला छान जुळतो.

मटण नको असेल तर

- कोंबडी: मांडीचे हाडासकट तुकडे घ्या. पहिला टप्पा फक्त २० मिनिटं, पुढचं सारखंच.
- कोलंबी: किनारपट्टीवरच्या तुर्की खाणावळींत कोलंबीचा ग्युवेच आवडीने खातात. लोण्यात लसूण, मिरच्या, टोमॅटो आधी आटवा. कोलंबी शेवटच्या आठ-दहा मिनिटांतच घाला. वर थोडं किसलेलं चीज. कोकणात ताजी कोलंबी मिळणाऱ्यांनी हा प्रकार नक्की करून बघावा.
- शाकाहारी: रात्रभर भिजवून शिजवलेला पांढरा राजमा, कांदा, दोन्ही गर आणि लोणी. तासभर मंद आचेवर. हाही तुर्की घरांतला रोजच्या जेवणातला पदार्थ आहे.

उरलेलं आणि भांड्याची काळजी

उरलेलं मटण दोन तासांच्या आत दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करा. चव आणखी मुरलेली असते. मातीच्या भांड्यात साठवण करू नका आणि ते साबणाने घासू नका, कारण माती साबण शोषून घेते. गरम पाणी, काथ्या आणि थोडं जाडं मीठ पुरेसं आहे. धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, झाकण न लावता ठेवा.

पहिल्या वेळी पाहुणे बोलावू नका. रविवारी सकाळी, घरच्यांसाठीच करा. बोकड किती वेळ घेतो, तुमच्या गॅसची बारीक आच खरोखर किती बारीक आहे, हे एकदा करूनच कळतं, आणि ते वहीत लिहून ठेवा. चार-पाच वेळा वापरलेल्या भांड्यात तेल मुरतं, आतला रंग गडद होतो आणि बूड पटकन धरत नाही. तोवर तुमचा हातही पाण्याच्या तांब्याकडे आणि आल्याच्या तुकड्याकडे जायचा थांबलेला असेल. पाहुण्यांना तेव्हा बोलवा, आणि झाकण त्यांच्यासमोर उघडा.